सातात आत्या, पाचात आप्पा

"आकार कोणता टाकू, काका?"

जळगावच्या मेहरूणमध्ये तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाळा आहे. एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला मोबाइल रिचार्ज. पाटीवर लग्नपत्रिकेपासून आधार दुरुस्तीपर्यंत सगळं लिहिलंय. फ्लेक्स छापायचं मशीन काही तिथे नाही, ते एमआयडीसीकडे. इथे फक्त एक पोरगा बसतो, संगणकावर डिझाइन करतो आणि फाइल तिकडे पाठवून देतो. वय असेल बावीस-तेवीस. गल्लीतल्या प्रत्येक वाढदिवसाचा, उद्घाटनाचा नि दशक्रियेचा चेहरा या पोराच्या हाताखालून गेलेला आहे.

मी गेलो होतो आप्पांच्या अमृतमहोत्सवाचा फ्लेक्स करायला. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांना यातलं काही नको होतं. "पंच्याहत्तर झाले म्हणून बोंबलायचं काबर?" एवढंच ते म्हणाले आणि तलावावर फिरायला निघून गेले. पण सुरतेची बहीण, पुण्याचा भाऊ आणि घरातली नातवंडं यांचं बहुमत झालं होतं.

सुरतेहून बहिणीचा व्हिडिओ कॉल चालूच होता. ती म्हणाली, "दादा, बदामात टाक. छान दिसतं."

या बदामाबद्दल जरा बोलायला हवं. इंग्रजीत ज्याला हार्ट म्हणतात त्या आकाराला आपल्याकडे हृदय कोणी म्हणत नाही. पत्त्यांत तो बदाम, फोटो स्टुडिओत तो बदाम, आमच्या जळगावच्या सराफ बाजारात लॉकेट घ्यायला गेलात तरी बदामच. बरंच आहे ते. हृदय म्हटलं की डॉक्टर आठवतो आणि रिपोर्ट आठवतात. बदामात कोणालाही बसवता येतं. आमच्या लग्नाची २००० सालची कॅसेट आहे. त्यात मी आणि बायको मुंडावळ्यांसकट एका बदामात गरगर फिरत येतो. तो बदाम फिरता फिरता बारीक होतो आणि थेट पंगतीतल्या वाढप्याच्या वरणाच्या बादलीत शिरतो. मिक्सिंग करणाऱ्याला ते फार आवडलं असावं, कारण तीन तासांत त्याने ते अकरा वेळा केलंय. मी मोजलंय.

त्याच्याही आधी हे काम पुठ्ठ्याने व्हायचं. कॅमेऱ्यासमोर काळा पुठ्ठा धरायचा, त्यात बदाम कापलेला. आधी त्या बदामातून नवरीचा चेहरा घ्यायचा. मग फिल्म पुढे न सरकवता, बदामाच्या मापाचाच काळा तुकडा लावून भोवतीचं कमळ नाहीतर चंद्र घ्यायचा. माप केसभर चुकलं तर नवरीच्या गालावर कमळाची पाकळी. त्या जमान्यात नवऱ्याच्या तळहातावर उभी असलेली वीतभर नवरी ज्यांनी केली, त्यांच्या हाताला माझा नमस्कार. त्यांना ‘अनडू’ नव्हतं.

आमच्या पोराला आहे. तो बहिणीला म्हणाला, "ताई, बदाम आता वाढदिवसाला चालत नाही, ॲनिव्हर्सरीला चालतो. आकड्यात टाकू. पंच्याहत्तर मोठं काढतो, आत सगळे फोटो."

मला ते पटलं. मी पेटीतून निवडून नेलेले १९ फोटो त्याने स्कॅन केले. त्यात आत्या होत्या, आजी होती, बैलजोडी होती, बोरीची बाग होती. मेहरूणची बोरं एकेकाळी लांबवर जायची. आमचीही बाग होती. आता तिथे प्लॉट आहेत आणि बोर म्हटलं की नातवंडांना पाण्याची बोअर आठवते.

पोराने कोरल उघडलं. जाहिराती, लग्नपत्रिका नि फ्लेक्स यांच्या आपल्याकडच्या दुनियेत फोटोशॉप हा पाहुणा, कोरलड्रॉ हा घरचा माणूस. फोटो गोरा करायचा, मागची भिंत काढून टाकायची तर फोटोशॉप. मांडणी सगळी कोरलमध्ये. आकारात फोटो घालायच्या क्रियेला तिथे पॉवरक्लिप म्हणतात, फोटोशॉपमध्ये क्लिपिंग मास्क. काम एकच. पण पोरगा ‘पॉवरक्लिप मारतो’ म्हणतो, खिळा मारल्यासारखं. फोटो धरायचा, आकाराकडे बाण दाखवायचा, की फोटो आत जातो आणि आकाराच्या बाहेरचं सगळं दिसेनासं होतं. खिडकीबाहेर उभा असलेला माणूस जसा खिडकीच्या मापाचा दिसतो, तसं.

पण आपला देवनागरी सात! इंग्रजी सात निदान सरळ पट्टीसारखा असतो. आपला ७ म्हणजे नुसता वळलेला दोरा. त्यात माणूस बसवायचा तर कुठे? पोराने पहिल्यांदा टाकलेल्या साताच्या बारीक फटीत आत्याची नथ तेवढी दिसत होती. मग त्याने जाड ठशाचा फॉन्ट काढला. तरी भागेना. शेवटी त्याने आकड्याचे कर्व्ह केले. कर्व्ह केले म्हणजे तो आकडा आकडा राहत नाही, नुसती रेघ होते, आणि तिच्यावर जागोजागी बारीक ठिपके येतात. तो एकेक ठिपका माउसने धरून बाहेर ओढायला लागला. आमच्या डोळ्यांदेखत सात फुगला. त्याला पोट आलं. खालचा झोक रुंद झाला. लांबून सात, जवळून वांगं. भरताचं. पण आता आत्या नथीसकट, पदरासकट आत बसल्या.

पाचाला मूळचंच वळण बरं, तिथे आप्पा.

हे करताना पोरगा सहज बोलत होता, आणि मला त्याच्या धंद्याचं शास्त्र कळत होतं. "कान कटला तरी चालतो, डोळा कटायला नको. देवाचा फोटो असला तर पाय कटायला नको. बाईमाणसाचं कुंकू कटायला नको. आणि साहेबांचा असला तर काहीच कटायला नको." साहेब म्हणजे कोणते हे त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जळगावातल्या कुठल्याही चौकात मान वर केली की कळतं. वर मोठे गोल, खाली मध्यम गोल, तळाला शुभेच्छुकांचे वाटाण्याएवढे गोल. कोणाचा गोल कोणापेक्षा अर्धा इंच मोठा, यावरून दुकानात रात्री अकरा वाजता भांडणं होतात म्हणे. बेकायदा होर्डिंग काढा, असं मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी महापालिकांना बजावलं. त्याने पोराच्या दुकानाची गर्दी काही कमी झालेली दिसत नाही.

गोलाचं मात्र मला अप्रूप आहे. कोडॅकचा पहिला कॅमेरा १८८८ साली निघाला तेव्हा त्यातून फोटो यायचे ते गोलच, अडीच इंच व्यासाचे. कारण भिंग जे चित्र पाडतं ते मुळात गोल असतं आणि कडेकडेला धूसर होत जातं. कडा पुसट येतात म्हणून त्यांनी गोलच ठेवला. चौकोन नंतर आपण केला. आपल्या आजोबा-पणजोबांचे लंबगोल चौकटीतले फोटो पाहून आपल्याला वाटतं की काय हौस ही! पण त्या नक्षीत पुसट कोपरे झाकायची सोयही होती. आणि आता सगळं फिरून व्हॉट्सॲपच्या डीपीत पुन्हा गोल आलंय. आमच्या घरात सगळ्यांचे डीपी जोडीचे आहेत, आणि प्रत्येकात एकाचा खांदा बाहेर आहे. तो कोणाचा, हे घराघरावर अवलंबून.

दुकानात बसल्या बसल्या मला अजिंठा आठवला. आठवायला फार लांब जावं लागत नाही, जळगावहून साठेक किलोमीटर. शाळेची सहल तिथे न गेलेला माणूस आमच्याकडे सापडायचा नाही. सहलीत आपण पद्मपाणीपुढे माना वाकड्या करतो आणि वर बघायचं विसरतो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्याच्या छताला चौकटीच चौकटी पाडल्या आहेत आणि त्यांत फुलं, फळं, पक्षी, जनावरं भरलीत. मोठेपणी पुन्हा गेलो तेव्हा मी तेच बघत बसलो. तिथे कोणी जनावर काढून मग चौकटीत कापून बसवलेलं नाही. चौकट आधी, मग तिच्यात कसं मावायचं ते जनावराने ठरवलंय. कोणी मान वळवली, कोणी सोंड दुमडली, कोणाची शेपटी कोपऱ्यात गेली. त्याच लेण्यात एका खांबावर चार हरणं आहेत आणि चौघांत डोकं एकच. गाइड टॉर्च मारून दाखवतो, पोरं ओरडतात. मला त्यात शिल्पकाराचा हिशेब दिसतो. जागा इतकी, हरणं चार, मग डोकी चार कशाला?

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस हेच करायचे, फक्त कॅमेऱ्यासाठी. १९८९ साली गेले ते. आयुष्याची कितीतरी वर्षं स्टेशनाजवळच्या बंगल्यात राहिले, बाहेर जवळपास पडलेच नाहीत. प्रेयसी पंजाब मेलने येणार म्हणून रोज गाडीच्या वेळेला वाट बघायचे, असं सगळा जिल्हा सांगतो. पण त्या गोष्टीच्या नादात त्यांचं टेबल मागे पडतं. घरातल्याच वस्तू टेबलावर मांडून ते डोंगर, वाटा, झाडं उभी करायचे आणि फोटो काढायचे. जे काही जुळवायचं ते भिंगाच्या अलीकडे, आधी.

आपण नंतरचे. आपल्याला आधी काही ठरवावं लागत नाही. नॉल बंधूंचं फोटोशॉप १९९० सालच्या फेब्रुवारीत बाजारात आलं, १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला लेअर मिळाले, म्हणजे एकावर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखं काम करता यायला लागलं. तेव्हापासून कुठलाही फोटो कुठल्याही आकारात घालता येतो. येतो म्हणून घालतो. माझंही तेच चाललं होतं.

फ्लेक्स झाला. दहा बाय सहा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच मंडपात लावला. लांबून छान दिसत होता. पाहुणे सातात आपापल्या आया शोधत होते. आप्पा आले, धोतराचा सोगा सावरत पुढे उभे राहिले आणि पाचाकडे बघत राहिले. पाचात त्यांचा तरुणपणीचा फोटो होता, १९७४ सालचा, दातेरी कडांचा, कृष्णधवल. मिशी काळी, डोळे बारीक केलेले. मला वाटलं, गहिवरले.

म्हणाले, "सायकल कुठे गेली?"

मी म्हटलं, "कोणती सायकल?"

"अरे, तो फोटो माझा नाही, भो. सायकलचा आहे. मी नुसता धरायला उभा होतो."

मग कळलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात सगळंच गेलं होतं. त्यानंतर बोराचा पहिला बरा हंगाम झाला, त्या पैशांत आप्पांनी नवी सायकल घेतली. घरातलं पहिलं वाहन. फोटोग्राफरला तलावावर बोलावलं, ते सायकलचा फोटो काढायला. सायकल स्टँडवर नीट उभी राहीना, म्हणून मालकाने धरली. पन्नास वर्षं तो फोटो आमच्या पेटीत ‘आप्पांचा तरुणपणचा फोटो’ म्हणून पडून होता. पाचाच्या पोटात चेहरा आला, खांदा आला आणि तळाशी, नीट बघितलं तर, हँडलवरच्या घंटीचा अर्धा गोल. मी तो शर्टाचं बटण समजलो होतो.

दुसऱ्या दिवशी पोराकडे गेलो. खंत करत म्हटलं, "अरे, महत्त्वाचं तेच कापलं गेलं आपल्याकडून."

"कापलं नाही, काका," तो म्हणाला. "पॉवरक्लिपमध्ये काही कापलं जात नाही. झाकलं जातं फक्त."

त्याने फाइल उघडली, पाचावर राइट क्लिक केलं, एडिट म्हटलं. पाच नुसती निळी रेघ होऊन उरला आणि तिच्या चारी बाजूंनी फोटो पसरला. दोन्ही चाकं, चेनकव्हर, मागचं कॅरिअर आणि कॅरिअरला बांधलेली रिकामी टोपली. मागे तलाव, काठावर एक म्हैस. आणि फोटोच्या अगदी कडेला जमिनीवर फोटोग्राफरची सावली, डोक्यावर कापड घेतलेली. मंडपात दिवसभर हे सगळं फ्लेक्समागे होतं, आम्ही त्याच्यापुढे उभं राहून सेल्फी काढत होतो.

"याला कशात टाकू?" पोराने सवयीने विचारलं. मग स्वतःच सायकलकडे बघत म्हणाला, "दोन चाकं आहेत. दोन गोल करू?"

नको म्हटलं. होता तसाच छापून घेतला, आठ बाय बारा, मॅट. आप्पांनी तो भिंतीवर लावू दिला नाही. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, किल्ल्यांच्या खुंटीखाली.

फ्लेक्सचं काय करायचं हा प्रश्न होता. बायकोने तो निकालात काढला. चैत्रात ज्वारीच्या बिबड्या घालायच्या वेळी तिने तो गच्चीवर अंथरला, छापील बाजू खाली करून. वर जुनं धोतर, त्यावर बिबड्या. ‘आत्यांच्या तोंडावर बिबड्या घालवत नाहीत’ म्हणाली. वाऱ्याने कडा उडतात म्हणून आप्पा रोज दुपारी वर जाऊन कोपऱ्यांवर विटा ठेवून येतात. परवा खाली आले, हात झटकले, पाणी प्यायले.

म्हणाले, "सात मात्र चांगला आला होता."