मागून उचललेली पिकअप : टायर पुढचं खातंय, दुखणं मागच्या पाट्यांत

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीबाहेर पिकअपच्या रांगा लागतात. त्यातली रिकामी गाडी लांबूनच ओळखू येते. मागची बाजू वर, नाक खाली. मागे जादा पाटे टाकलेत, हे कुणाला सांगावं लागत नाही. निफाड, चांदवड, दिंडोरी, सिन्नर, कुठल्याही तालुक्यात हेच चित्र आहे. तक्रार मात्र पुढच्या चाकांची असते. अलाइनमेंट करून महिना झाला नाही, तरी टायर एका बाजूनं खातंय आणि स्टेअरिंग जागेवर राहत नाही. मग शिव्या अलाइनमेंटवाल्याला बसतात. प्रत्येक वेळी दोष त्याचा असतोच असं नाही.

बिघडतं काय?

अलाइनमेंटमध्ये मुख्य मापं तीन. चाकं पुढून आत-बाहेर किती वळलेली आहेत, तो टो. चाक उभ्यात किती कललेलं आहे, तो कॅम्बर. आणि चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे किती झुकलेला आहे, तो कॅस्टर. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ते बरंचसं कॅस्टरमुळे.

मागची बाजू उचलली की सगळी चासी पुढे झुकते आणि कॅस्टर कमी होतो. गाडी वेगात भरकटल्यासारखी वाटते, ड्रायव्हरला सतत हात धरून ठेवावा लागतो. काही जण मग पुढची बाजूही उचलतात. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर त्यानं कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात. बहुतेक ठिकाणी मात्र फक्त टो जुळवून गाडी सोडून दिली जाते.

टो तरी किती महत्त्वाचा? चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरात ३ मिलिमीटरची चूक राहिली, तर प्रत्येक पुढचं चाक किलोमीटरमागे साधारण २ मीटर आडवं घासत जातं. १०० किलोमीटरला हे २०० मीटर होतात. आठवड्यातून तीन-चार वेळा वाशीला खेप मारणाऱ्यानं हिशोब स्वतःच करावा.

ब्रेकचा मुद्दा त्याहून मोठा

टायरचा खर्च तरी दिसतो. न दिसणारी गोष्ट मागच्या ब्रेकची आहे. अनेक मालवाहू गाड्यांत मागचा अॅक्सल भारानं किती दबला, यावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. जादा पाट्यांमुळे अॅक्सल दबतच नाही. गाडी भरलेली असते, पण व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. भरल्या गाडीनं कसारा घाट उतरताना याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मनाई करतं. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ओव्हरलोडचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार.

दंड कडक आहेत, पण फिटनेसला गाडी रिकामी जाते. व्यावसायिक गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. मधल्या काळात रस्त्यावर भार वाहणारी गाडी कुणी तपासत नाही.

आणि पाटे हौसेनं कुणी टाकत नाही. भाडं क्रेटवर ठरतं, बँकेचा हप्ता तारखेला जातो. चार क्रेट कमी भरले तर खेप परवडत नाही, असं मालकाचं गणित. ओव्हरलोडचा फायदा व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्यालाही स्वस्त भाड्यातून मिळतो. जोखीम मात्र एकट्या ड्रायव्हरच्या वाट्याला येते.

करायचं काय?

खरा उपाय एकच : जादा पाटे काढून आरसीवरच्या वजनाइतकाच माल भरणं, किंवा मोठी गाडी घेणं. ज्यांच्या गाडीची उंची आधीच बदललेली आहे, त्यांनी निदान टो जुळवून समाधान मानू नये. मशीनमधली कंपनीची मापं मूळ उंचीच्या गाडीची असतात. आधी टाय रॉडचे एंड, किंगपिन किंवा बॉल जॉइंट, बुश यांचा खेळ तपासावा. ते सैल असतील तर जुळवलेलं माप पहिल्या खड्ड्यात जातं. हवा सारखी करून, सपाट जागेवर, तिन्ही मापांचा कागद मागून घ्यावा. पुढे सरळ अॅक्सल आणि पाटे असतील तर पाटा आणि अॅक्सलमध्ये पाचर बसवून कॅस्टर काही प्रमाणात सावरता येतो. ब्रेकचा व्हॉल्व्ह मात्र कंपनीच्या वर्कशॉपमध्येच तपासून घ्यावा.

बाजार समित्या हंगामाआधी बैठका घेतात. त्यात क्रेटच्या भाड्याबरोबर गाडीत किती क्रेट भरायचे हेही ठरलं, तर मागचे पाटे आपोआप निघतील. तोवर रांगेतल्या गाड्यांची नाकं खालीच राहणार.