घरातली बंदूक आणि गृह मंत्रालयाच्या न जुळवलेल्या दोन नोंदी

प्रति,
माननीय केंद्रीय गृहमंत्री,
गृह मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : घराच्या संरक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या शस्त्र परवान्यांचा त्याच घरातील माणसांना असलेला धोका मोजण्याबाबत.

शस्त्र कायदा १९५९ मध्ये झाला, त्याखालचे नियम २०१६ मध्ये नव्याने लिहिले गेले आणि डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने कायद्यात मोठी दुरुस्ती केली. एका माणसाजवळ किती शस्त्रे असावीत यावर त्या वेळी पुष्कळ खल झाला. तीनवरून एकवर आणू पाहणारे मूळ विधेयक खासदारांच्या आक्षेपांमुळे दोनवर थांबले आणि परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. घराच्या रक्षणासाठी कपाटात ठेवलेली बंदूक त्या घरातल्या बायकामुलांना आणि खुद्द परवानाधारकाला कितपत धोक्याची आहे, हे मोजण्याची व्यवस्था यांतल्या एकाही वेळी झाली नाही. साठ वर्षांहून जुन्या कायद्यातली ही उणीव आता नजरचूक म्हणून सोडून देता येत नाही.

परवाना देताना मंत्रालयाची यंत्रणा नेमके काय तपासते, हे पाहिले म्हणजे उणीव कोठे आहे ते कळते. कायद्याच्या कलम १३ नुसार अर्ज आल्यावर जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो आणि कलम १४ नुसार अर्जदार मनोरुग्ण असल्यास किंवा अन्य कारणाने अपात्र ठरत असल्यास परवाना नाकारता येतो. २०१६ च्या नियमांनी त्यात प्रशिक्षण, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी यांची भर घातली. या साऱ्याचा रोख दोनच गोष्टींवर आहे : बाहेरून येणारा धोका खरा आहे का आणि अर्ज करणारा माणूस बरा आहे का. ज्या छताखाली ते शस्त्र पुढची अनेक वर्षे राहणार आहे, तेथे राहणाऱ्या पत्नीचे, वृद्ध आईवडिलांचे किंवा सज्ञान मुलामुलींचे म्हणणे ऐकून घेण्याची सक्ती कायद्यात कोठेही नाही. कॅनडात अर्जदाराच्या विद्यमान आणि मागील दोन वर्षांतील जोडीदाराची स्वाक्षरी अर्जावर मागितली जाते आणि ती नसेल तर त्या जोडीदाराला कळवणे हे परवाना अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरते. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या राष्ट्रीय करारात याच्याही पुढे जाऊन स्वसंरक्षण हे बंदूक बाळगण्याचे ग्राह्य कारणच मानलेले नाही.

मंत्रालयाच्याच आकडेवारीप्रमाणे २०१६ च्या अखेरीस देशात ३३ लाख ६९ हजारांहून अधिक शस्त्र परवाने चालू होते. त्यांपैकी १२ लाख ७७ हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात आणि सुमारे ८४ हजार महाराष्ट्रात होते. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय माहितीसंचात स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, म्हणजे कोणते शस्त्र कोणाच्या नावावर आहे हे दिल्लीत बसून पाहता येते. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग अपघाती मृत्यू, आत्महत्या आणि खून यांचे वार्षिक अहवाल काढतो. २०२२ या एका वर्षात त्याने १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदवल्या. हा विभागही गृह मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे. दोन्ही वह्या एकाच घरातल्या असूनही त्या शेजारी ठेवून वाचल्या गेल्याचे कोणत्याही जाहीर अहवालात दिसत नाही. परवान्याच्या शस्त्राने परवानाधारकाच्याच घरात किती जीव गेले आणि त्याच शस्त्राने किती दरोडेखोर परतवले गेले, हे सांगणारे कोष्टक देशात छापले जात नाही. ते नसताना दिलेला प्रत्येक परवाना अंदाजावर दिलेला आहे, आणि त्या अंदाजाची किंमत घरातले लोक मोजतात.

ही जुळणी अशक्य आहे असे म्हणण्याची सोय मंत्रालयाला नाही, कारण कॅलिफोर्नियात ती झालेली आहे. तेथील संशोधकांनी मतदार नोंदणी, पिस्तूल-रिव्हॉल्व्हर खरेदीच्या सरकारी नोंदी आणि मृत्यूनोंदी एकत्र जोडून २ कोटी ६३ लाख प्रौढांचा २००४ ते २०१६ असा मागोवा घेतला. एका मोठ्या गटाची नोंद आधी करून पुढे त्याचे काय होते हे वर्षानुवर्षे पाहत जाण्याच्या या पद्धतीला सहगण अभ्यास म्हणतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, असे शस्त्र बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण शस्त्र नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट होते आणि स्त्रियांत ते ३५ पट होते. मरण्याचे ठरवूनच ही माणसे शस्त्र घेत असतील, हा आक्षेप साहजिक आहे आणि खरेदीनंतरच्या पहिल्या महिन्यापुरता त्यात तथ्यही आहे. परंतु अशा आत्महत्यांपैकी ५२ टक्के खरेदीला वर्ष उलटून गेल्यावर झाल्या, म्हणजे ज्या शस्त्राच्या खरेदीमागे असा काही हेतू असण्याचा संभव कमी, तेच शस्त्र पुढे एखाद्या वाईट रात्री हाताशी सापडले.

त्याच संशोधकांचा २०२२ चा दुसरा अभ्यास तर थेट या पत्राच्या विषयाचा आहे, कारण त्यात ज्यांच्या नावावर शस्त्र नाही पण जे शस्त्रधारकाबरोबर एका घरात राहतात अशांचा विचार केला आहे. १ कोटी ७६ लाख प्रौढांच्या त्या पाहणीत, शस्त्रधारकासोबत राहणाऱ्यांचा खून होण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक निघाले. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे प्रमाण सातपट निघाले आणि असे मरणाऱ्यांत ८४ टक्के स्त्रिया होत्या. शस्त्राने घरच्यांचे रक्षण होते, या समजुतीवर हजारो परवाने मागितले जातात, आणि नेमक्या त्या घरच्यांच्याच बाबतीत ही समजूत टिकलेली नाही.

याआधीच्या अभ्यासांचे बोट त्याच दिशेला होते. सिएटल शहर ज्यात येते त्या किंग काउंटीत १९७८ ते १९८३ या काळात, बंदूक असलेल्या घरांत तिच्यामुळे ३९८ मृत्यू झाले. त्यांपैकी घरात घुसू पाहणारे दोन आणि स्वसंरक्षणात मारले गेलेले आणखी सात, असे नऊ वगळता उरलेले जवळजवळ सगळे मृत्यू आत्महत्या, खून आणि अपघात यांचे होते. या आकड्यांवर टीकाही झाली आहे आणि ती दडवण्याचे कारण नाही : परतवलेला पण न मेलेला चोर अशा मोजणीत येत नाही, आणि मुळात धोक्यात असलेली घरेच बंदूक घेतात असाही युक्तिवाद आहे. अमेरिकेतील शस्त्रांची संख्या आणि भारतातील संख्या यांत जमीन-अस्मानाचा फरक असल्याने तेथले गुणोत्तर येथे जसेच्या तसे लागू होईल असेही कोणी म्हणू नये. मात्र या सर्व शंकांचे निरसन मोजणीनेच होते. अमेरिकी काँग्रेसने १९९६ मध्ये बंदूकविषयक संशोधनाचे २६ लाख डॉलर काढून घेऊन दोन दशके अशी मोजणी जवळपास बंद पाडली होती. भारतात कोणी ती बंद पाडलेली नाही. ती सुरूच केली गेली नाही, आणि याची जबाबदारी मंत्रालयाशिवाय दुसऱ्या कोणावरही ढकलता येणार नाही.

नियमांत एक अंतर्विरोधही आहे, ज्याकडे परवाना देणारे आणि घेणारे दोघेही डोळेझाक करतात. गोळ्या काढून, कुलपात आणि काडतुसांपासून वेगळे ठेवलेले शस्त्र घरच्यांना सर्वांत कमी धोक्याचे असते; पण मध्यरात्री दार फुटत असताना किल्ली शोधून, कपाट उघडून, काडतुसे भरून ते उपयोगी पडेल अशी अपेक्षा धरता येत नाही. भरलेले आणि उशाशी ठेवलेले शस्त्र चोराच्या वेळी हाताशी असते, आणि तितकेच ते भांडणाच्या वेळी, दारूच्या वेळी, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मुलाच्या आणि कर्जाच्या नोटिशीनंतर बापाच्या हाताशी असते. संरक्षणाचे कारण मान्य करून परवाना द्यायचा आणि त्याच अर्जाला सुरक्षित साठवणुकीची हमी जोडून घ्यायची, म्हणजे दोहोंपैकी एक गोष्ट पाळली जाणार नाही हे गृहीतच धरायचे.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांना जुहूच्या राहत्या घरी स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली, तेव्हा समोर ना चोर होता ना दरोडेखोर. जुलै २०२५ मध्ये गुरुग्राममध्ये २५ वर्षांची एक टेनिसपटू स्वतःच्या घराच्या स्वयंपाकघरात असताना गोळ्या लागून मरण पावली. शस्त्र परवान्याचे होते, वडिलांच्या नावावरचे होते, आणि आरोपी म्हणून अटकही वडिलांनाच झाली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण ते शस्त्र त्या घरात आले त्या दिवशी कोणत्याही अधिकाऱ्याने त्या घरातल्या मुलीला एकही प्रश्न विचारणे कायद्याने आवश्यक नव्हते, आणि आजही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. हा अहवालही केंद्र सरकारचाच आहे. तरीही कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार नोंदली जाताच त्या घरातील परवाना आपोआप स्थगित होईल असा दुवा शस्त्र कायद्यात नाही; कलम १७ खाली स्थगितीचा अधिकार आहे, पण तो वापरण्यासाठी अधिकाऱ्याला आधी त्या तक्रारीची माहिती तर मिळाली पाहिजे.

आडवळणाच्या वस्तीवरचा शेतकरी, रोकड घेऊन घरी परतणारा सराफ आणि जिवे मारण्याच्या धमक्या आलेला साक्षीदार यांची भीती खरी आहे, आणि पोलीस वेळेवर पोहोचत नाहीत ही त्यांची तक्रारही खरी आहे. त्यांना परवाना नाकारावा अशी मागणी येथे नाही. त्यांना खरे आकडे सांगावेत अशी मागणी आहे, कारण भीतीच्या भरात घेतलेल्या निर्णयाची दुसरी बाजू त्यांना आज कोणीच दाखवत नाही. मे २०२५ मध्ये आसाम सरकारने असुरक्षित आणि दुर्गम भागांतील मूळ रहिवाशांना परवाने सुलभतेने देण्याचे ठरवल्यापासून हे काम अधिक तातडीचे झाले आहे.

म्हणून मंत्रालयाने परवान्यांचा माहितीसंच आणि गुन्हे नोंदणी विभागाच्या मृत्यूनोंदी ओळख क्रमांकाच्या आधारे जोडाव्यात. मृत्यू परवान्याच्या शस्त्राने झाला का, ते शस्त्र कोणाचे होते आणि मृत व्यक्तीचे परवानाधारकाशी नाते काय होते, हे तीन रकाने येत्या वार्षिक अहवालापासून छापावेत. अर्जाच्या आणि नूतनीकरणाच्या वेळी घरातील प्रत्येक सज्ञान व्यक्तीचा जबाब परवानाधारकाच्या गैरहजेरीत घेण्याची अट नियमांत घालावी. आणि कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार दाखल झाल्याची सूचना त्याच दिवशी परवाना अधिकाऱ्याकडे जाईल अशी व्यवस्था करावी. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी संसदेची मंजुरी लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांच्या मुदतीने दिलेले पहिले परवाने नूतनीकरणाला येऊ लागले आहेत, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच करता येईल.