ऊसतोड कामगार, नवी श्रमसंहिता आणि १९५६चा नकाशा

बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकमधला 'बुद्रुक' हा फारसी 'बुजुर्ग'चा मराठी अवतार, हे इथल्या वाचकांना सांगायला नकोच. दफ्तरातला शब्द एकदा गावाला चिकटला की शतके उलटली तरी सुटत नाही. आजचा थ्रेड अशाच एका दफ्तरी शब्दाविषयी आहे. तो शब्द म्हणजे 'आंतरराज्य'.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा हा त्यांतलाच एक. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम तेव्हा सुरू झालेला होता आणि माळेगावच्या शिवारात बीडकडून आलेल्या टोळ्या ऊस तोडत होत्या. या टोळ्यांच्या पदरात नव्या कायद्याने काय पडले? माझ्या मते, जवळजवळ काहीच नाही. त्याचे कारण शोधायला मागे जावे लागते.

१८७६-७८च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला आणि १८८५च्या सुमारास बारामतीच्या कोरडवाहू जमिनीला पाणी मिळू लागले. पाण्यामागे ऊस आला, आणि १९५०च्या दशकात माळेगावचा सहकारी कारखाना उभा राहिला. हा बागायतीचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाही. पण ऊस तोडायला माणसे आली ती भीमेपलीकडून, जिथे कालवा नव्हता तिथून. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार ही नावे त्या इतिहासात क्वचितच येतात.

कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. हंगामाआधी मुकादम या जोडीला 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती पुढे तोडलेल्या टनांतून फेडायची असते. न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते.

कायद्याला उचल अनोळखी नव्हती. १८५९च्या करारभंगाच्या कायद्यानुसार उचल घेऊन काम सोडणाऱ्या कामगाराला तुरुंगात धाडता येई. तो कायदा १९२५ साली रद्द झाला. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा आला आणि तो आजही स्वतंत्रपणे अस्तित्वात आहे. १९७९चा स्थलांतरितांचा कायदा तर ओडिशातील 'दादन' मजुरांच्या हालांमुळेच झाला. दादन म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, आपल्याकडची उचलच! नात्याने पाहिले तर हा कायदा ऊसतोड कामगाराच्या सख्ख्या भावासाठी केलेला होता. तरी तो माळेगावच्या फडात कधी पोचला नाही.

आता १९५६चा नकाशा समोर घ्या. त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत बीड हैदराबाद राज्यात होते, माळेगाव आणि बेळगाव मुंबई राज्यात. १ नोव्हेंबरला बीड मुंबई राज्यात आले आणि बेळगाव म्हैसूरकडे गेले. बीडची जोडी माळेगावच्या फडात आली असती, तर आदल्या दिवशी ती परराज्यातली ठरली असती. दुसऱ्या दिवशी ती घरची झाली. १९७९चा कायदा आला तेव्हा ही जोडी राज्याच्या आतच फिरत होती, म्हणून तिला विस्थापन भत्ता नाही, प्रवास भत्ता नाही, नोंद नाही. तीच जोडी बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्याला गेली तर मात्र कायद्याच्या व्याख्येत बसते. बिऱ्हाड तेच, कोपी तीच, कोयता तोच.

नव्या संहितेने व्याख्या रुंदावली, हे मान्य केले पाहिजे. ठेकेदाराविना स्वतःहून दुसऱ्या राज्यात गेलेला कामगारही आता स्थलांतरित मानला जातो, आणि वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचे भाडे मालकाने देण्याची तरतूद आहे. मात्र ५ कामगारांची मर्यादा १० वर गेली, विस्थापन भत्ता गळाला, आणि 'एका राज्यातून दुसऱ्या राज्यात' ही अट जशीच्या तशी राहिली. बीड ते बारामती हे दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतर कायद्याच्या लेखी प्रवासच नाही.

ठेकेदाराच्या परवान्याची गोष्ट त्याहून बोचरी आहे. १९७०च्या मूळ केंद्रीय कायद्यात २० कंत्राटी कामगारांपासून परवाना लागे. महाराष्ट्राने ही मर्यादा आधीच ५० केली होती, आता केंद्रानेही तीच स्वीकारली. २४ कोयत्यांची टोळी म्हणजे ४८ माणसे. तिचा मुकादम मोकळा. त्याहून लहान टोळ्यांचे तर बोलायलाच नको. हा आकडा परवान्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून ठरला असेल. छोट्या व्यावसायिकाला तो सोयीचा आहे, हे मला पटते. पण मुकादम हा छोटा व्यावसायिक असला तरी त्याच्या हाती अनेक कुटुंबांचे कर्ज असते.

राज्याने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आणि गाळपाच्या दर टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घेण्याचे ठरले. मात्र कल्याण निधी आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निधी मंडळाच्या मर्जीने वाटला जातो. भाडे, परवाना आणि नोंद कामगाराला कायद्याने मागता येते.

श्रम हा विषय समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींची संमती घेऊन महाराष्ट्राला स्वतःची दुरुस्ती करता येते. राजस्थान आणि महाराष्ट्र यांनी कामगार कायद्यांत यापूर्वी अशा दुरुस्त्या केल्या आहेत, त्या बहुतेक मर्यादा वाढवण्यासाठी. आता एक दुरुस्ती उलट दिशेने व्हावी, असे माझे मत आहे: स्थलांतरिताच्या व्याख्येत 'राज्य'बरोबर 'जिल्हा' हा शब्द घालावा, आणि उचल देणाऱ्या मुकादमाला, टोळी कितीही लहान असो, परवाना घ्यायला लावावा.