पाणी साचतं तिथे भोक नसतं

फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट आहे. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी आम्हा दोघी शिक्षिकांना वैनगंगेपलीकडच्या एका वस्तीत जायचं होतं. रस्त्याने जायचं तर पुलाचा वळसा घ्यावा लागतो आणि त्यातच अर्धा दिवस जातो. डोंग्याने दहा मिनिटं. रजिस्टर ओढणीत गुंडाळून आम्ही डोंग्यात बसलो. नदीच्या मध्यावर पोचलो तोवर माझ्या चपला पाण्यात होत्या. मी घाबरून म्हटलं, "काका, इथे भोक पडलंय, माझ्या पायाशीच!"

डोंगा चालवणारे ढिवर काका हसले. म्हणाले, "मॅडम, पानी जिथं बसते तिथूनच येते असं नाई ना. डोंगा जिकडं झुकते तिकडं पानी येऊन बसते. मी मागं उभा हाओ, म्हनून मागं बसलं." आणि माझ्या हातात एक डबा दिला, पाणी उपसायला. मी उपसत राहिले. काठ आला तेव्हा पाणी जेवढं होतं तेवढंच होतं.

दुपारी काम आटोपून परत घाटावर आलो, तर काकांनी डोंगा रेतीवर ओढून दोन ओंडक्यांवर ठेवला होता. आधी सगळं पाणी काढून, फडक्याने आतून पुसून तो उन्हात वाळवला होता. आता ते बादलीने आत थोडं थोडं पाणी ओतत होते आणि खाली वाकून बाहेरून बघत होते. नदीत पाणी बाहेरून आत येतं, इथे ते आतून बाहेर काढायचं. थेंब दिसला की हातातल्या कोळशाने खूण करायची. पण जिथे थेंब टपकला तिथे त्यांनी खूण केली नाही. ओल कुठून सरकत आली ते बोटाने मागे मागे चाचपत गेले. फळीच्या सांध्यावरून पाणी दीड हात सरकून मग टपकत होतं. शेवटी पुढच्या बाजूला एक गंजका खिळा सापडला. त्याच्या कडेने लाकूड कुजलं होतं. मी बसले होते तिथपासून ते भोक चांगलं चार हात लांब होतं.

खिळा काढून, भोकात डांबरात बुडवलेला कापूस ठोकून, वर पत्र्याचा तुकडा बसवायला त्यांना अर्धा तासही लागला नाही. शोधायला मात्र अख्खी दुपार गेली होती.

परतीच्या वाटेवर माझ्या ओढणीतल्या रजिस्टरचा मला विचार पडला. कारण त्या रजिस्टरमधल्या आकड्यालाही आपण 'गळती'च म्हणतो. मुलं शाळेतून गळतात. डोंग्यात पाणी आत येतं, शाळेतून मुलं बाहेर जातात, शब्द मात्र एकच. आणि मला वाटतं, चूकही एकच होते. ओल दिसते तिथेच आपण बोट ठेवतो.

समुद्रातल्या मोठ्या शिडाच्या बोटींचंही असंच असतं. २०१८ साली भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परतल्या, तेव्हा मी वर्गातल्या मुलींना त्यांचे फोटो दाखवले होते. १० सप्टेंबर २०१७ ला निघालेल्या वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी २१ मे २०१८ ला परतल्या. बोट जेमतेम ५५ फुटांची. त्याआधी २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या बोटीतून एकट्याने प्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. दोन्ही बोटी गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधल्या गेल्या. एका मुलीने तेव्हा विचारलं होतं, "मॅडम, इतके महिने पाण्यात, मग बोट आतून ओली नाही होत?" मला उत्तर देता आलं नव्हतं. नंतर वाचून शोधलं.

होते. शिडाच्या बोटीत पाणी यायला खूप वाटा असतात. पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो ती जागा, समुद्राचं पाणी आत घेणारे नळ, तळाचा जड कणा घट्ट धरणारे बोल्ट, डोलकाठी छतातून खाली उतरते ती फट, झडपा, छतावर ठोकलेला प्रत्येक स्क्रू. आतल्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीलाही चीर पडू शकते. आणि पाणी कुठूनही आलं तरी साचतं एकाच ठिकाणी, तळाच्या सगळ्यात खोल भागात. छतावरच्या एका सैल स्क्रूतून शिरलेलं पाणी आतल्या अस्तरामागून ओघळत बोटीच्या दुसऱ्या टोकाला, कुणाच्या तरी बिछान्यावर टपकतं.

म्हणून जाणते खलाशी पाणी आधी चाखून बघतात. खारट असेल तर ते समुद्रातून आलं. गोड असेल तर पावसाचं, नाहीतर आपल्याच टाकीचं. टाकीचा संशय असेल तर टाकीत खाण्याचा रंग टाकतात आणि तळाला तो रंग दिसतो का ते पाहतात. मग सगळं कोरडं करून संशयाच्या जागी खडूची पूड किंवा पातळ कागद लावून ठेवतात, म्हणजे पहिली ओल कुठे उमटते ते कळतं. छत तपासताना पाण्याची नळी खालच्या बाजूपासून वर वर नेतात. आधीच वरून पाणी सोडलं तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. बोट उभी असताना गळते, की वाऱ्याने एका बाजूला कलल्यावरच गळते, हेही बघावं लागतं. काही भोकं बोट सरळ असताना पाण्याच्या वर असतात. ती कललेल्या बोटीतच बोलतात.

आमच्या काकांना चव घेऊन काही कळलं नसतं, नदीत आतलं-बाहेरचं सगळं पाणी गोडच. पण बाकीची रीत तीच होती. आधी कोरडं करा, मग एकेक जागा तपासा, आणि ओलीच्या मागे मागे जा.

बोटीतल्या भोकाची एक हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी जुम्याच्या बयानात ऐकली असेल. हजरत नुअमान बिन बशीर यांनी सांगितलेली ही हदीस सहीह बुखारीत आहे. काही लोकांनी चिठ्ठ्या टाकून जहाजातल्या जागा वाटून घेतल्या. काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाणी घ्यायला वरच्यांमधून जावं लागे. त्यांनी विचार केला, आपल्याच हिश्श्यात एक भोक पाडलं तर वरच्यांना त्रास होणार नाही. आता वरच्यांनी त्यांना तसं करू दिलं तर सगळे बुडतील, त्यांचे हात धरले तर सगळे वाचतील.

या हदीसवर मी खूप बयानं ऐकली आहेत. जवळजवळ सगळ्यांचा जोर एकाच गोष्टीवर असतो, चुकणाऱ्याचा हात धरा. बरोबरच आहे ते. पण हदीसमधले खालचे लोक दुष्ट नव्हते हे कुणी फारसं सांगत नाही. ते तहानलेले होते. वरच्यांना आपला उपद्रव होऊ नये ही त्यांची नियत होती. कुऱ्हाड तळावर पडण्याच्या कितीतरी आधी, पाण्याची ती रोजची अवघड वाट होती. नुसता हात धरला आणि पाण्याची सोय केली नाही, तर तो हात पुन्हा कुऱ्हाडीकडे जाणार नाही का? मी आलिमा नाही, साधी शिक्षिका आहे. पण मला या हदीसमध्ये दोन जबाबदाऱ्या दिसतात. हात धरण्याची एक, आणि तहान ओळखण्याची दुसरी.

आता आपल्या नदीकडे या. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला आणि सहा महिला बुडून मेल्या. त्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघाल्या होत्या. तो डोंगा गळका होता असं मी म्हणत नाही. मी त्यानंतरच्या बोलण्याबद्दल म्हणते आहे. आमच्या स्टाफरूममध्ये, चहाच्या टपरीवर, एसटीत, सगळीकडे एकच सूर होता. डोंग्यात बसल्याच कशाला? इतक्या जणी कशाला? पोहता येत नाही तर जायचं कशाला? म्हणजे पाणी जिथे साचलं तिथेच बोट. त्या बाया हौसेने बसल्या नव्हत्या. मजुरी पलीकडे होती, पूल लांब होता, आणि मिरचीचा तोडा कुणासाठी थांबत नाही. ओलीच्या मागे मागे गेलं तर आपण डोंग्यापासून फार लांब जाऊन पोचतो.

शाळेच्या रजिस्टरमध्येही हेच होतं. त्यात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. त्यात आम्ही लिहितो, 'आवड नाही', 'पालक उदासीन', 'घरकाम', 'स्थलांतर'. ही कारणं नाहीत, ही पाणी साचलेली ठिकाणं आहेत. गडचिरोली-चंद्रपूरची कितीतरी कुटुंबं मिरचीच्या हंगामात तेलंगणात जातात आणि मुलं सोबत नेतात. रकान्यात 'स्थलांतर' लिहून आमचं काम संपतं. पण घरी सांभाळायला कुणी असतं तर ते मूल गेलं असतं का, हा प्रश्न त्या रकान्यात मावत नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीचं सांगते. आठवीत तिचं नाव सुटलं. बाहेरचे म्हणाले, "तुमच्यात मुलींना शिकवतच नाहीत." आपल्यातले म्हणाले, "आजकालच्या मुलींना शिकायची जिद्दच नाही." मी तिच्या घरी जाऊन बसले. अम्मी म्हणाली, घरात काम असतं. हे टपकणारा थेंब होता. मागे गेले. काम घरात आधीही होतं, मग आताच का? कारण ती घरीच असते. घरी का असते? चाचणीत नापास झाली, लाज वाटली. नापास का झाली? सातवीपर्यंत तिचा नंबर पहिल्या पाचात होता. तिथे खिळा सापडला. सातवीला उर्दू शाळा संपते आणि आठवीपासून मराठी माध्यमाच्या शाळेत बसावं लागतं. ज्याला ती 'रकबा' म्हणायची ते 'क्षेत्रफळ' झालं, 'निसबत'चं 'गुणोत्तर', 'जियाई तालीफ'चं 'प्रकाशसंश्लेषण'. पोरीला गणित येत होतं. गणिताचं नाव बदललं होतं, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

यावर उपाय फार मोठा नव्हता. आम्ही दोघींनी सातवीच्या मुलींसाठी असर आणि मगरिबच्या मध्ये एक तास सुरू केला. एका बाजूला उर्दू शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि खाली तेच उदाहरण. ती मुलगी परत आली. दुसरी एक नाही आली, तिचं भोक वेगळं होतं आणि ते शोधायला मला उशीर झाला. पण पुढच्या वर्षी आठवीत गेलेल्या सगळ्या मुली दिवाळीनंतरही वर्गात होत्या.

कुणी म्हणेल, डोंग्यात पाणी भरत असताना शोधत काय बसायचं, आधी उपसा. खरं आहे. मीही त्या दिवशी उपसलंच. शिष्यवृत्ती, पोषण आहार, अपघातानंतरची मदत, जकातीतून दिलेली वह्या-पुस्तकं, हे सगळं उपसणं आहे आणि ते थांबवून चालणार नाही. उपसणाऱ्या हातांमुळेच डोंगा काठाला लागतो. तक्रार एवढीच आहे की काठाला लागल्यावर आपण डबा ठेवून घरी जातो. रेतीवर डोंगा कुणी ओढत नाही.

म्हणून दोन गोष्टी मागाव्याशा वाटतात. पहिली ग्रामपंचायतींकडे. ज्या घाटावरून माणसं रोज ये-जा करतात, तिथला प्रत्येक डोंगा दर उन्हाळ्यात वाळूवर घेऊन तपासला जावा, किती माणसं बसायची याची रेघ त्यावर रंगवली जावी, आणि जीवरक्षक जाकिटं घाटावरच टांगलेली असावीत. डांबर-पत्र्याचा खर्च पंचायतीने करावा, डोंगेवाल्याच्या कमाईतून नाही. पूल व्हायला वर्षं लागतील, तोवर माणसं याच डोंग्यांत बसणार आहेत. दुसरी मागणी माझ्यासारख्या शिक्षकांकडे आणि आपल्या मोहल्ल्यातल्या जाणत्यांकडे. रजिस्टरचा 'कारण' हा रकाना भरण्याआधी त्या घरात एकदा बसा, आणि पहिलं उत्तर मिळालं की निदान तीन वेळा "मग त्याच्या आधी?" असं विचारा.

परवा पुन्हा त्याच घाटावर गेले होते. डोंगा कोरडा होता. काकांनी तळावरची कोळशाची खूण पुसली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या मॅडम. एकदा गळलं तिथं पुढच्या वर्षी पयले पाहा लागते."