खटल्याची किल्ली मंत्रालयात

अल्प उत्पन्न गटातील गरिबांसाठी राखलेल्या सदनिका खोटी कागदपत्रे देऊन मिळवल्या, अशी फिर्याद १९९५ साली नाशिकमध्ये माणिकराव कोकाटे यांच्याविरुद्ध झाली. सदनिका मुख्यमंत्र्यांच्या दहा टक्के कोट्यातल्या. निकाल लागला फेब्रुवारी २०२५ मध्ये. दोन वर्षांची शिक्षा झाली तेव्हा आरोपी राज्याचे कृषिमंत्री होते. तीस वर्षे! या तीस वर्षांत आमच्या वस्त्यांतली पोरे जन्मली, शिकली, बेकार झाली, त्यांची लग्ने झाली, आणि ती अजूनही त्याच पत्र्याच्या खोलीत राहतात.

पुढचे वाचकांना ठाऊक आहेच. सत्र न्यायालयाने मार्चमध्ये स्थगिती दिली. आमदारकी गेली तर पोटनिवडणूक घ्यावी लागेल व सरकारी तिजोरीवर भार पडेल, हाही मुद्दा त्या वेळी विचारात घेतला गेला. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच सत्र न्यायालयाने अपील फेटाळून शिक्षा कायम केली, मंत्रिपद गेले, उच्च न्यायालयातून जामीन मिळाला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने आमदारकी जाऊ नये एवढ्यापुरती दोषसिद्धीला स्थगिती दिली. लाभाचे पद मात्र घेऊ नये, असेही सांगितले. म्हणजे दोन न्यायालयांनी दोषी ठरवलेला माणूस मंत्री राहू शकत नाही, पण मंत्र्याला जाब विचारणाऱ्या सभागृहात बसू शकतो.

लोक चिडले आहेत. कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीवर, विहाराच्या ओट्यावर एकच वाक्य कानी पडते: "कायदा गरिबाला, जामीन पुढाऱ्याला." आम्ही काळा कोट घालतो म्हणून हा सवाल आम्हालाच विचारला जातो. वैतागाने हात झटकून मोकळे होणे चळवळीच्या माणसाला परवडणारे नाही. विषमता नेमकी कुठे बसली आहे, हे शोधले पाहिजे.

आमचे म्हणणे असे आहे की ती निकालपत्रात कमी आणि निकालाच्या आधीच्या दारांत जास्त बसली आहे. खटला भरायला मंजुरी, खटला भरण्याची मुदत, तपास कोणी करायचा, खटला मागे घ्यायचा की नाही, अशी ही दारे आहेत आणि त्यांच्या किल्ल्या बहुतेक सरकारच्या हातात आहेत. न्यायाधीशापर्यंत प्रकरण पोचते तेव्हा निम्मा न्याय मंत्रालयात होऊन गेलेला असतो.

मंजुरीचेच पाहा. दोन समाजांत तेढ वाढवणारे भाषण किंवा लेखन केल्याचा गुन्हा, म्हणजे जुन्या दंडसंहितेचे कलम १५३ अ, याची दखल सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालय घेऊ शकत नाही. खोट्या तक्रारींना आळा बसावा म्हणून ही अट आली, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात काय घडते? जानेवारी २००७ मध्ये गोरखपूरला झालेल्या भाषणाबद्दल तेव्हाचे खासदार योगी आदित्यनाथ यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. मंजुरीचा प्रश्न लोंबकळत राहिला. मार्च २०१७ मध्ये आरोपी स्वतःच उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री झाले आणि मे २०१७ मध्ये त्यांच्याच सरकारच्या गृहखात्याने मंजुरी नाकारली! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथेही ऑगस्ट २०२२ मध्ये याचिका फेटाळली गेली. भाषण गुन्हा होते की नव्हते, हे साक्षीपुरावा होऊन आजवर कोणी ठरवलेले नाही. जो आरोपी, त्याच्याच घरची मंजुरी. याला कायद्याचे राज्य म्हणायचे काय?

डिसेंबर २०१७ मध्ये त्या सरकारने १९९५ सालचा आणखी एक खटला मागे घेण्याचा आदेश काढला. तो जमावबंदी मोडल्याचा होता, किरकोळ होता, हे मान्य. पण किरकोळ खटल्यात आमच्या कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे तारखा घ्याव्या लागतात, तेव्हा कोणत्या खात्याला दया येते?

महाराष्ट्र यात मागे नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीच्या काळात 'सामना'त आलेल्या अग्रलेखांबद्दल बाळासाहेब ठाकरे यांना २५ जुलै २००० रोजी अटक झाली. मुंबई बंद, रस्ते ओस, हजारोंचा बंदोबस्त. आणि न्यायालयात काय झाले? काही वेळातच खटला मुदतबाह्य म्हणून निकाली! तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल तीन वर्षांच्या आत घ्यावी लागते, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये लिहिले होते. ती मुदत जानेवारी १९९६ मध्येच संपली होती. १९९५ च्या मार्चपर्यंत राज्यात काँग्रेसचे सरकार होते, त्यानंतर युतीचे. एकाने खटला रेटला नाही, दुसरे तर आरोपीच्याच पक्षाचे. उशीर माफ करून घेण्याची सोय कलम ४७३ मध्ये होती, पण त्यासाठी उशिराचे कारण सांगावे लागते. आठ वर्षे आम्हाला धैर्य झाले नाही, हे कारण कोणते सरकार न्यायालयात लिहून देईल? दंडाधिकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. दार सरकारांनीच आधी बंद होऊ दिले होते.

१९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात शंभर जण दोषी ठरले, त्यांतल्या एकाला २०१५ मध्ये फाशीही झाली. ते व्हायलाच हवे होते की नाही, हा आजचा विषय नाही. पण स्फोटांच्या आधीच्या दंगलींबद्दल न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली नावे घेऊन जे लिहिले, त्याचे काय झाले? मधुकर सरपोतदार यांना २००८ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली, जामीनही मिळाला. मोठ्या पुढाऱ्यांच्या बाबतीत गोष्ट जवळजवळ तेथेच थांबली.

आता आमच्या जखमेकडे येऊ. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेध करणाऱ्या लोकांवर राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या. दहा जण गेले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. तरीही गोळीबाराचा हुकूम देणारा उपनिरीक्षक मनोहर कदम याला जन्मठेप व्हायला २००९ साल उजाडले, आणि पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. जबाबदारीची शिडी उपनिरीक्षकाच्या पायरीवर संपली. त्याच्या वर कोणी साहेब नव्हते, कोणी गृहखाते नव्हते, असेच जणू.

भीमा कोरेगावला तर तपासाचीच किल्ली फिरवली गेली. १ जानेवारी २०१८ च्या हल्ल्याबद्दल मिलिंद एकबोटे आणि संभाजी भिडे यांच्यावर ॲट्रॉसिटीसह गुन्हा नोंदला. एकबोटेंना सर्वोच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला म्हणून मार्चमध्ये अटक झाली, एप्रिलमध्ये ते बाहेर आले. भिडेंना अटक झालीच नाही. त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचे मुख्यमंत्र्यांनी मार्च २०१८ मध्येच विधानसभेत सांगून टाकले. तपास चालू असताना पुढाऱ्याने निर्वाळा द्यायचा आणि मग पोलिसांनी वेगळे काही शोधायचे, असे कधी घडले आहे काय? पुढे दोषारोपपत्रातून नाव वगळले गेले. दुसरीकडे एल्गार परिषदेच्या प्रकरणात सुधीर ढवळे ६ जून २०१८ ला आत गेले. जानेवारी २०२० मध्ये, राज्यात सरकार बदलून चौकशीची भाषा सुरू होताच, केंद्राने तपास एनआयएकडे घेतला. ढवळेंना जामीन मिळाला ८ जानेवारी २०२५ ला. साडेसहा वर्षे झाली होती आणि आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती. ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी तर जामिनाची वाट पाहतच ५ जुलै २०२१ ला गेले. देशातल्या तुरुंगांत चारपैकी तीन कैदी असेच कच्चे, दोषी न ठरलेले आहेत. पुढारी दोषी ठरून बाहेर, आणि गरीब दोषी न ठरता आत.

येथे एक गोष्ट आपल्याच माणसांना सांगावीशी वाटते. डिसेंबर २०१७ मध्ये चारा घोटाळ्याच्या एका खटल्यात लालूप्रसाद दोषी आणि जगन्नाथ मिश्र निर्दोष, असा निकाल आला तेव्हा "यादव म्हणून तुरुंग, ब्राह्मण म्हणून सुटका" असे आपल्या सभांतून बोलले गेले. टाळ्याही पडल्या. पण त्याच घोटाळ्याच्या दुसऱ्या खटल्यांत मिश्रही दोषी ठरले होते. अर्धी गोष्ट सांगून चळवळ मोठी होत नाही. निळा झेंडा खांद्यावर घेतलेल्या पुढाऱ्यावर उद्या आरोप झाला तर त्यालाही हेच माप लागले पाहिजे.

दोषी ठरल्यावरची सवलत हा प्रकारही बघण्यासारखा आहे. शिक्षा झाली तरी अपिलासाठी तीन महिने खुर्ची वाचवणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ ला लिली थॉमस प्रकरणात रद्द केली. तेव्हापासून दोन वर्षांची शिक्षा झाली की आमदारकी-खासदारकी त्या क्षणी जाते. मार्च २०२३ मध्ये सुरतच्या निकालानंतर राहुल गांधींची दुसऱ्याच दिवशी गेली. मग वकिलांनी वाट काढली ती दोषसिद्धीलाच स्थगिती घेण्याची. अशी स्थगिती अपवादानेच द्यावी, असे न्यायालये सांगतात. भ्रष्टाचारात दोषी ठरलेल्या नोकराची नोकरी जाते म्हणून त्याच्या दोषसिद्धीला स्थगिती देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या के. सी. सरीन प्रकरणात बजावले. २००७ मध्ये नवज्योत सिद्धू यांना मात्र निवडणूक लढवता यावी म्हणून स्थगिती मिळाली. दोन्ही गुन्हे वेगळे होते आणि सिद्धूंनी खासदारकीचा राजीनामाही दिला होता, हे वकील म्हणून नमूद केले पाहिजे. तरीही तलाठ्याची नोकरी हे कारण पुरत नाही आणि पुढाऱ्याची जागा हे कारण पुरते, हे सामान्य माणसाला कसे पटवायचे?

केंद्राने २० ऑगस्ट २०२५ ला १३० वी घटनादुरुस्ती मांडली. गंभीर गुन्ह्यात तीस दिवस अटकेत राहिलेल्या मंत्र्याचे पद जावे, असे त्यात आहे. ऐकायला गोड. विधेयक संयुक्त समितीकडे पाठवले गेले. पण अटक कोण करतो? पोलीस, ईडी, सीबीआय. त्यांची किल्ली कोणाकडे? आम्हाला हे विधेयक समानतेचे वाटत नाही. दिल्लीच्या जुडग्यात आणखी एक किल्ली वाटते.

किल्ली काढून घेता येते, हे आपल्या चळवळीने एकदा दाखवले आहे. २० मार्च २०१८ च्या काशीनाथ महाजन निकालाने ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात सरकारी नोकराला अटक करायची तर त्याच्या वरिष्ठाची परवानगी लागेल, असे केले होते. खटला आपल्या महाराष्ट्रातलाच होता. २ एप्रिलला देश बंद झाला, माणसे मेली, आणि ऑगस्टमध्ये संसदेला कलम १८ अ घालावे लागले. परवानगीची अट गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवले.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत लोकसेवकावरच्या खटल्यासाठी, कलम २१८ मध्ये, सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असे समजावे, असे आले आहे. चिथावणीखोर भाषणांच्या मंजुरीचे कलम २१७ मात्र जसेच्या तसे मोकळे ठेवले आहे, त्यात एका दिवसाचीही मर्यादा नाही. कलम ३६० प्रमाणे खटला मागे घेण्यापूर्वी पीडिताचे म्हणणे ऐकावे लागते; आमदार-खासदाराचा असेल तर ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने उच्च न्यायालयाची परवानगीही लागते. आमच्या किती तालुका शाखांनी अशा अर्जाला हरकत घेण्यासाठी पीडिताच्या वतीने वकीलपत्र दाखल केले आहे? चवदार तळ्याच्या दाव्यात बाबासाहेब १९२७ पासून १७ मार्च १९३७ च्या हायकोर्टाच्या निकालापर्यंत दहा वर्षे त्या एका फाइलीमागे उभे होते. येत्या अधिवेशनावर जे मोर्चे निघतील, त्यांच्या निवेदनात कलम २१७ ला १२० दिवसांची मुदत लावा, ही मागणी पहिल्या क्रमांकावर असावी, आणि प्रत्येक जिल्ह्यातल्या आपल्या वकिलांनी आमदार-खासदारांवरील खटल्यांच्या तारखा या महिन्यात काढून शाखांना द्याव्यात.