मार्करच्या मागे धावण्याआधी बायोप्सीचा रिपोर्ट नीट वाचून घ्या

गालाच्या आत किंवा जिभेवर न भरणारी जखम, बायोप्सी, आणि रिपोर्टमध्ये 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा'. जेऊर असो की मुंबई, घरच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : "डॉक्टर, माणूस वाचेल ना?" या प्रश्नामागच्या भीतीवर आज महागड्या टेस्ट खपवल्या जातात. माझा विरोध त्याला आहे.

बायोमार्कर म्हणजे गाठीच्या तुकड्यातली अशी खूण, जिच्यावरून आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधता येतो. केआय-६७ वरून पेशी किती वेगाने वाढताहेत ते कळतं. पी-५३ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन. ईजीएफआर वाढीचा निरोप पेशीच्या आत पोचवतं. यांवर संशोधन व्हायलाच हवं. पण तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करायचं की नाही, हे आज यांतल्या एकाही रिपोर्टवरून ठरत नाही. ज्या तपासणीने उपचार बदलत नाही, तिच्यासाठी उसाच्या बिलाचे पैसे का मोडायचे?

काही मार्करना त्यांची जागा आहे, हे मान्य. पी-१६ घशाच्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये महत्त्वाचा आहे. तंबाखूने गालात झालेल्या कॅन्सरला तो नियम लावू नका. पीडी-एल१ ची तपासणी आजार उलटला किंवा शरीरात पसरला आणि इम्युनोथेरपीचा विचार सुरू झाला, की उपयोगी पडते. तीही घाईने करावी लागत नाही. तुमचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये टिकून असतो, गरज पडेल तेव्हा तपासता येतो. गाठ मात्र थांबत नाही.

मग भविष्य सांगतं कोण? ऑपरेशननंतरचा साधा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. त्यात या पाच गोष्टी लिहिल्या आहेत का, ते विचारा :

१. गाठ किती खोल गेली आहे? ५ आणि १० मिलिमीटर या दोन रेषा स्टेज बदलतात. २०१८ पासून लागू झालेल्या स्टेजिंगमध्ये ही खोली मोजावीच लागते.
२. कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का? साधारण ५ मिलिमीटर निरोगी भाग हवा.
३. मानेतल्या किती गाठी तपासल्या, त्यांतल्या किती बाधित निघाल्या?
४. कॅन्सर गाठीचं आवरण फोडून बाहेर आला आहे का?
५. नसांभोवती किंवा रक्तवाहिन्यांत शिरला आहे का?

यांवर पुढचे उपचार ठरतात. कडेवर कॅन्सर असेल किंवा आवरण फुटलं असेल, तर रेडिएशनबरोबर केमोथेरपीचाही विचार करावा लागतो. रेडिएशन लागणार असेल, तर ते ऑपरेशननंतर शक्यतो ६ आठवड्यांत सुरू व्हावं. मार्करच्या रिपोर्टची वाट पाहण्यात हे आठवडे घालवणं म्हणजे पेशंटचं नुकसान.

योग्य वेळी योग्य ऑपरेशन काय करू शकतं, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालंय. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लवकरच्या टप्प्यातल्या पेशंटमध्ये तोंडातल्या गाठीबरोबरच मानेतल्या गाठी काढल्या, तेव्हा ३ वर्षांनी ८० टक्के पेशंट जिवंत होते. मान नंतर, गाठ दिसल्यावरच केली, तेव्हा ६७.५ टक्के. एवढा फरक पडला तो ऑपरेशन कधी केलं, यामुळे.

त्यासाठी दरवेळी मुंबई गाठायला हवी असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदणी तिथे १९८७ पासून होते आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.

आणि कुणी नवी टेस्ट सांगितली, तर एकच प्रश्न विचारा : "हिचा रिपोर्ट काहीही आला, तरी उपचार तोच राहणार का?" उत्तर 'हो' असेल, तर पैसे खिशातच ठेवा. ते रेडिएशनच्या दिवसांत जाण्यायेण्याला, राहण्याला आणि पेशंटच्या खाण्यापिण्याला लागणार आहेत.

तंबाखू, मावा, गुटखा मात्र आजच सोडा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. ती न घेणं तुमच्या हातात आहे.