वेदनेची दखल

दुखणे मुकाट्याने सोसणाऱ्याचे आपल्याकडे कौतुक होते. कण्हणारा मात्र कोवळ्या मनाचा ठरतो. वैद्यकानेही दीर्घकाळ वेदनेला रोगाची केवळ सावली मानले. रोग हटला की सावलीही हटेल, अशी समजूत होती. पण जेथे रोगच हटणारा नाही, किंवा जखम भरूनही ठणका उरतो, तेथे काय करावयाचे?

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांना आढळले की, गंभीर जखमी सैनिकांपैकी बहुतेकांना वेदनाशामक नकोच होते. रणांगणातून जिवंत सुटल्याच्या भावनेने वेदनेचा अर्थच पालटला होता, असे त्यांनी अनुमान काढले. पुढे १९६५ साली मेल्झॅक व वॉल यांनी असा सिद्धान्त मांडला की, वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूत जणू एक दार असते आणि ते मिटण्या-उघडण्यात मेंदूचाही वाटा असतो. तपशील पुढे बदलले. तथापि भय, चिंता व जागरण यांनी वेदना वाढते, हे आता सर्वमान्य आहे. म्हणून ती खोटी ठरत नाही. 'सारे मनाचे खेळ आहेत' असे सांगून रुग्णाची बोळवण करणे हा विज्ञानाचा विपर्यास होय.

लंडन येथे १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी 'समग्र वेदना' ही कल्पना रूढ केली. शरीराची कळ, मनाची भीती, संसाराची विवंचना आणि जगण्याच्या अर्थाविषयीचे प्रश्न ही एकाच दुःखाची चार अंगे होत, असे त्या म्हणत. परंतु मॉर्फिन ठरल्या वेळी, कळ उसळण्यापूर्वीच द्यावे, हाही त्यांचाच आग्रह होता. समग्रतेच्या नावाखाली औषध नाकारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. उलट, वर्षानुवर्षे पाठ धरलेल्या कारकुनाला गोळ्यांची चिठ्ठी देऊन वाटेला लावणेही तितकेच अपुरे आहे. त्याला व्यायाम, झोप, बसण्याची नीट सोय आणि ऐकून घेणारा डॉक्टर यांचीही गरज असते.

आपल्या देशात अफूची अधिकृत लागवड होते. तरी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे कर्करुग्णांना मॉर्फिन दुर्मीळ झाले. २०१४ साली कायदा सुधारला. पण कायदा सुधारल्याने औषध आपोआप खाटेपाशी पोहोचत नाही. कोझिकोड येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या कार्याने केरळात दुसरा मार्ग दाखविला. तेथे शेजारीपाजारी प्रशिक्षण घेऊन रुग्णाच्या घरी जातात, औषधाबरोबर शिधा व मुलांच्या शिक्षणाचीही काळजी वाहतात. महाराष्ट्राला हे अशक्य का असावे?

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आणि ते देण्याचे ज्ञान असलेला डॉक्टर असलाच पाहिजे. तोवर निदान घरातल्या माणसाने 'दुखते' म्हटले, तर त्यावर विश्वास ठेवणे आपल्या हाती आहे. सहनशीलता हा सद्गुण खरा. पण तो दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार कोणालाच नाही.